कानस झिजली की नुसती भरली?

संत्रा तोडून झाला की आपल्या पोहरादेवीच्या भागात सल काढायचं काम निघतं. गटाची करवत मग या वावरातून त्या वावरात फिरते. ती बोथट असली की फांदीची साल फाटते, जखम लवकर भरत नाही आणि तिथून रोग शिरायला वाट मिळते. धार लावूनही बसत नसेल तर आपण करवतीला नावं ठेवतो. दोष पुष्कळदा कानशीचा असतो.

चांगली कानस पुढे ढकलताना लोखंडाला धरते, खरखर आवाज येतो, खाली बारीक कीस पडतो. झिजलेली कानस घसरते, किरकिरते. मग आपण जोर लावतो आणि करवतीचे दात लहानमोठे होतात. अशी करवत सरळ चालत नाही, एका बाजूला ओढते.

पण घसरणारी प्रत्येक कानस झिजलेली नसते. खाचांत कीस अडकला असेल तर आधी तारेच्या ब्रशानं खाचांच्या दिशेनं झाडून घ्या. वर शाळेतला खडू चोळा, म्हणजे कीस कमी चिकटतो. त्यानंतर उन्हात धरून पाहा. दातांच्या टोकांवर पांढरी चकाकी दिसली तर ती बोथट झाली. धारदार टोक चमकत नाही. मुठीजवळचा भाग सहसा वापरात येत नाही, त्याच्याशी मधला भाग ताडून बघा. फरक लगेच कळतो.

तिकोनी कानशीचे कोपरे सगळ्यात आधी जातात. दोन दातांमधली खाच कोपराच कोरतो. तो गोल झाला की बाजू कितीही चांगल्या असोत, खाच खोल होत नाही. एक कोपरा गेला तर दुसरा फिरवून घ्या. तिन्ही गेले की नवी कानस आणा.

ती लवकर झिजते कशानं? मागे ओढतानाही दाबल्यानं. मागे आणताना उचलायची. इतर अवजारांत टाकायची नाही, फडक्यात गुंडाळायची. आणि हल्लीच्या काही करवतींचे दात निळे-काळे, कडक केलेले असतात. त्यांना कानस लावूच नका, कानसच वाया जाते. मुठीशिवाय तर वापरूच नये, मागचं टोक तळहातात घुसतं.

जुनी कानस भंगारात देऊ नका. तिचं पोलाद चांगलं असतं, लोहार त्याची सुरी करून देतो.