हुकूमशहाला निवडणूक कशाला हवी?

ज्याला जनतेची भीती वाटते तो निवडणूक कशाला घेतो? उत्तर आपल्या परभणीच्याच इतिहासात आहे. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. १९३९ साली निजामाने ‘सुधारणा’ जाहीर केल्या आणि १९४६ मध्ये कायदेमंडळाची निवडणूक घेतली. पण प्रत्येक प्रौढाला मत नव्हते. मतदारसंघ जहागीरदार, व्यापारी, वकील अशा हितसंबंधांचे होते आणि शेवटचा शब्द निजामाचाच! स्टेट काँग्रेसने बहिष्कार टाकला.

निजामाला जनतेचे मत नको होते, शिक्का हवा होता. जगाला दाखवायला लोकशाही आणि मातब्बरांना गप्प बसवायला खुर्च्या!

१९५२ च्या निवडणुकीत मात्र जहागीरदाराच्या आणि त्याच्या दलित सालगड्याच्या मताची किंमत एक झाली. ही बाबासाहेबांच्या संविधानाची किमया! १९७७ मध्ये याच मताने आणीबाणी लादणारे सरकार घरी बसवले.

म्हणून बांधवांनो, मतपेटी दिसली की लोकशाही आली असे समजू नका. तीन प्रश्न विचारा: मत कोणाकोणाला आहे? मोजणारा कोणाचा आहे? हरलेला खुर्ची सोडतो का? हे विचारणे थांबले की निजाम परत येतो, फक्त नाव बदलून.

जय भीम!