विश्लेषण : रानात निभावण्याची विद्या कोर्समधून शिकता येते का? माजलगावसारख्या तालुक्यात तिचा उपयोग काय?

सप्टेंबर २०२२ मध्ये माजलगाव धरणात पोहायला गेलेले एक डॉक्टर बुडाले. त्यांच्या शोधासाठी कोल्हापूरहून बचाव पथक आले. शोधकार्यादरम्यान त्या पथकातील एका जवानाचाही पाण्यात मृत्यू झाला. प्रशिक्षित माणसालाही पाणी सोडत नाही, हे तेव्हा साऱ्या तालुक्याने पाहिले.

मोबाइलवर मात्र सध्या वेगळेच चित्र दिसते. गारगोटीवर ठिणगी पाडणारे, फांद्यांचा निवारा बांधणारे, बांबूच्या नळीत भात शिजवणारे रील्स लाखो लोक पाहतात. ‘बुशक्राफ्ट’, ‘सर्व्हायव्हल कॅम्प’ अशा नावांनी शनिवार-रविवारची शिबिरेही विकली जातात. त्यात नेमके काय शिकवले जाते, त्यातले आपल्या भागात उपयोगी काय आणि कोर्स निवडताना काय तपासावे, याचा हा आढावा.

‘बुशक्राफ्ट’ म्हणजे नेमके काय?

‘बुश’ म्हणजे झुडपी रान आणि ‘क्राफ्ट’ म्हणजे हातची कला. कमीत कमी सामानात रानात राहता येणे, असा त्याचा साधा अर्थ. निवारा, आग, पाणी, दिशा, दोरीच्या गाठी आणि प्रथमोपचार हे त्याचे मुख्य भाग.

‘सर्व्हायव्हल’ म्हणजे संकटात सापडल्यावर मदत येईपर्यंत जिवंत राहणे. बुशक्राफ्ट हे ठरवून, आवडीने केले जाते. जाहिरातींत दोन्ही शब्द एकच असल्यासारखे वापरले जातात. पण जिवावर बेतते तेव्हा कामाला येते ते दुसरे कौशल्य.

त्याचा क्रम लक्षात ठेवण्यासाठी प्रशिक्षक ‘तीनचा नियम’ सांगतात. माणूस हवेविना साधारण ३ मिनिटे, अतिशय प्रतिकूल हवामानात निवाऱ्याविना ३ तास, पाण्याविना ३ दिवस आणि अन्नाविना ३ आठवडे तग धरू शकतो. हे अंदाज ढोबळ आहेत, पण प्राधान्य कशाला द्यायचे ते त्यातून कळते. रील्समध्ये ज्याला सर्वाधिक जागा मिळते ते खाणे या यादीत सर्वांत शेवटी येते.

असे कोर्स कशासाठी सुरू झाले?

उत्तर पाण्याशीच जोडलेले आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजे पाणबुड्यांच्या हल्ल्यांत बुडत होती. लाइफबोटींमध्ये धडधाकट तरुण खलाशी दगावत आणि अनुभवी, वयस्कर खलाशी तग धरत, असे एका जहाज कंपनीच्या मालकाच्या लक्षात आले. त्यांच्या पाठबळावर शिक्षणतज्ज्ञ कर्ट हान यांनी १९४१ मध्ये वेल्समधील अॅबरडोव्ही येथे तरुणांसाठी प्रशिक्षण सुरू केले. हीच पुढे जगभर पसरलेली ‘आउटवर्ड बाउंड’ संस्था. ताकदीपेक्षा धीर आणि योग्य निर्णय माणसाला वाचवतात, हा तिचा पाया होता.

भारतात एव्हरेस्टच्या पहिल्या यशस्वी चढाईनंतर १९५४ मध्ये दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट आणि १९६५ मध्ये उत्तरकाशीला नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग उभी राहिली. बाहेरच्या जगात राहण्याचे शिस्तबद्ध शिक्षण आपल्याकडे प्रामुख्याने गिर्यारोहणाच्या वाटेने आले.

चांगल्या कोर्समध्ये काय शिकवतात?

दिशा : जीपीएस बंद पडल्यावर नकाशा आणि होकायंत्र वापरता आले पाहिजे. रात्री ध्रुव तारा उत्तर दाखवतो. जागेचा अक्षांश जितका, तितक्याच अंशांवर तो क्षितिजाच्या वर दिसतो. माजलगाव सुमारे १९ अक्षांशावर आहे. हात लांब करून धरलेली मूठ आकाशात साधारण १० अंश झाकते. म्हणजे इथे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर सापडतो. उन्हाळ्यात संध्याकाळी सप्तर्षी आणि हिवाळ्यात शर्मिष्ठा तो शोधायला मदत करतात.

निवारा : पावसापासून वाचायला ताडपत्री आणि दोरी पुरते. नवशिके वरच्या छपरावर मेहनत घेतात आणि खालची जमीन विसरतात. थंडीत ओली जमीन शरीराची उष्णता ओढून घेते. म्हणून अंगाखाली पाचट, गवत किंवा सतरंजी असणे पांघरुणाइतकेच महत्त्वाचे.

पाणी : खळखळ उकळी एक मिनिट राहिली की बहुतेक जंतू मरतात. पण शेतातून वाहून आलेली कीटकनाशके उकळून जात नाहीत. कापूस-उसाच्या पट्ट्यात फवारणीनंतरचे ओढ्याचे पाणी उकळूनही पिऊ नये.

संकेत : दर मिनिटाला शिट्टीचे किंवा टॉर्चचे सहा इशारे, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा, हा डोंगरातला आंतरराष्ट्रीय मदतसंकेत आहे. ओरडून घसा बसतो, शिट्टी मात्र तासन्‌तास वाजवता येते. काही रुपयांची ही वस्तू महागड्या चाकूपेक्षा जास्त कामाची आहे.

कोपी बांधणाऱ्यांना हे नवे आहे का?

नाही. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड मजूर बाहेर पडतात. बांबू, चटई आणि प्लास्टिकची कोपी उभी करतात, तीन दगडांच्या चुलीवर स्वयंपाक करतात आणि हंगाम संपेपर्यंत तिथेच राहतात. शहरातली शिबिरे पैसे घेऊन जे दोन दिवस शिकवतात, ते माजलगाव, धारूर, वडवणी भागातली मुले शाळेत जाण्याआधी पाहतात. मेंढ्यांमागे फिरणारे धनगर आणि माग काढणारे पारधी यांचे ज्ञानही याच जातीचे.

मात्र त्यावर समाधान मानून चालणार नाही. कोपी ही हौस नसून नाइलाज आहे. पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या फडालगत राहणाऱ्या मजुरांची मुले बिबट्याच्या हल्ल्यात दगावली आहेत. कोपी बांधता येते, पण ती कुठे बांधायची हे मजूर ठरवू शकत नाहीत. सर्पदंशानंतर काय करायचे हेही अनेकदा सांगोवांगीवरच चालते. हातचे कौशल्य इथे भरपूर आहे. उणीव आहे ती शास्त्रशुद्ध प्रथमोपचाराची आणि वेळेवर मिळणाऱ्या मदतीची.

अशा ज्ञानातून रोजगार उभा राहिल्याची उदाहरणे आहेत. मध्य प्रदेशातील पन्ना येथे पारधी तरुण पर्यटकांना जंगलातल्या खुणा वाचायला शिकवतात. ‘वॉक विथ द पारधीज’ या नावाने तो उपक्रम चालतो. तमिळनाडूत साप पकडण्यात वाकबगार असलेल्या इरुला समाजाची १९७८ मध्ये स्थापन झालेली सहकारी संस्था प्रतिविषासाठी सापांचे विष पुरवते. या समाजातील मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

माजलगाव परिसरात सर्वाधिक गरज कशाची?

सर्पदंश : एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख विषारी साप. देशात मिळणारे प्रतिविष या चौघांवर चालते. दंशाच्या जागी चिरा देणे, विष चोखणे किंवा आवळून दोरी बांधणे घातक ठरते. रक्तपुरवठा तुटून अवयव गमवावा लागू शकतो. अंगठी, कडे काढावे, हात-पाय फळीने स्थिर ठेवावा, रुग्णाला चालू न देता थेट रुग्णालयात न्यावे. साप मारण्यात किंवा शोधण्यात वेळ घालवू नये. मण्यारच्या दंशाच्या खुणा अनेकदा दिसतही नाहीत. त्यामुळे रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी सुरू झाली, पापण्या जड झाल्या तर सर्पदंशाची शंका घ्यावी.

पाणी : माजलगाव धरण सिंदफणेवर आहे आणि तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी वाहते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत बीड जिल्ह्याने पुराचा तडाखा सोसला. पुलावरून वाहणारे पाणी ‘गुडघाभर तर आहे’ म्हणून ओलांडले जाते. इथे गणित समजून घ्यावे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावर येणारा जोर चौपट होतो आणि वेग तिप्पट झाला की नऊपट. खोली डोळ्यांना दिसते, वेगाचा जोर दिसत नाही.

कोणी बुडत असेल तर वाचवणाऱ्याने उडी मारू नये. आधी काठी, साडी किंवा दोरी पोहोचवावी. ते जमत नसेल तर रिकामा कॅन, ट्यूब फेकावी आणि ११२ वर फोन करावा. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबून किंवा उलटे धरून पाणी काढण्यात वेळ जातो. तोंडावाटे श्वास देणे आणि छाती दाबणे लगेच सुरू करावे. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ३० दाबांनंतर दोन श्वास, हे प्रमाण आहे. वाचून ते हातात बसत नाही. पुतळ्यावर सराव करावाच लागतो आणि कोर्सचा खरा उपयोग तिथेच आहे.

वीज आणि ऊन : मोसमी पावसाच्या आधी आणि परतीच्या पावसात मराठवाड्यात विजेचे बळी जातात. झाडाखाली थांबणे सर्वांत धोक्याचे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अॅप परिसरातील विजेचा इशारा देते. उष्माघातात माणूस बरळू लागला की त्याला सावलीत घ्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि रुग्णालय गाठावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये.

रील्समधले काय आपल्याकडे गुन्हा ठरू शकते?

परदेशी व्हिडिओ पाहून इथल्या रानात प्रयोग करणाऱ्यांना हे माहीत नसते. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग पेटवणे आणि झाडे तोडणे गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार सापळा लावणे ही शिकार ठरते. ससा, घोरपड, तितर यांनाही तो नियम लागू आहे. त्यामुळे जबाबदार संस्था खासगी जागेत, मालकाच्या परवानगीने सराव घेतात. फांद्या तोडण्याऐवजी ताडपत्री आणि रानात शेकोटीऐवजी छोटा स्टोव्ह वापरायला शिकवतात. ‘शिकार करून दाखवू’ असे सांगणाऱ्या शिबिरापासून लांब राहणे बरे.

शिकायचे कुठे?

कमी खर्चाची वाट शाळा-कॉलेजातून जाते. स्काउट-गाइडमध्ये गाठी, तंबू, खुणांचा माग आणि प्रथमोपचार शिकवतात. या संघटनेची राष्ट्रीय साहस संस्था पचमढीला आहे. एनसीसीमध्ये नकाशावाचन आणि फील्डक्राफ्ट अभ्यासक्रमातच असते. निवडक छात्रांना गिर्यारोहण संस्थांच्या कोर्सलाही पाठवले जाते.

पुढची पायरी म्हणजे उत्तरकाशी, दार्जिलिंग, मनाली येथील सरकारी संस्थांचे बेसिक कोर्स. ते साधारण चार आठवड्यांचे असतात. पुण्यात गार्डियन गिरिप्रेमी इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग आहे. प्रथमोपचारासाठी सेंट जॉन अॅम्ब्युलन्स आणि रेडक्रॉसचे प्रशिक्षण घेता येते. रुग्णालय तासन्‌तास लांब असेल तेव्हाच्या उपचारांचे ‘वाइल्डरनेस फर्स्ट एड’ कोर्स वेगळे असतात. मसुरीचे हॅनिफल सेंटर त्यासाठी ओळखले जाते.

गावाच्या दृष्टीने राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ योजना महत्त्वाची आहे. निवडलेल्या जिल्ह्यांत स्वयंसेवकांना १२ दिवसांचे प्रशिक्षण देण्याची तिची रचना आहे. पुढची तुकडी कधी, याची चौकशी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात करावी.

पैसे भरण्याआधी काय विचारावे?

राज्याने २४ ऑगस्ट २०२१ रोजी साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. जमीन, पाणी आणि हवेतील साहसी उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. म्हणून पहिला प्रश्न नोंदणी प्रमाणपत्राचा.

- मुख्य प्रशिक्षकाने कोणता कोर्स, कोणत्या संस्थेतून केला आहे? प्रथमोपचार प्रमाणपत्राची मुदत संपली आहे का?
- एका प्रशिक्षकामागे किती जण?
- जवळचे रुग्णालय किती अंतरावर आणि गाडी जागेवर उभी असते का?
- विमा कोणाचा, किती रकमेचा?
- हवामान बिघडले तर कार्यक्रम रद्द होतो का आणि पैसे परत मिळतात का?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पैसे परत द्यावे लागतील म्हणून पावसात पुढे जाणारा आयोजक सहभागींना नेमके उलटे शिक्षण देत असतो.

कोर्सनंतर माणूस बेधडक होतो का?

चांगल्या कोर्सनंतर उलट घडते. ठिणगी पाडता येणे हे कौतुकाचे आहे, पण कोर्सचे मोजमाप त्यावरून होत नाही. पुलावर पाणी पाहून गाडी वळवणारा, साप चावलेल्याला मांत्रिकाऐवजी रुग्णालयात नेणारा, बुडणाऱ्याकडे उडी न मारता दोरी फेकणारा माणूस तयार झाला तर कोर्सचे पैसे वसूल झाले. त्यासाठी लागणारी शिट्टी, टॉर्च, दहा-बारा मीटर मजबूत दोरी आणि ओआरएसची पाकिटे माजलगावच्या बाजारात मिळतात. सराव मात्र कुणाकडून तरी शिकूनच करावा लागतो.