आलेखात नसलेले ठिपके

२८ जानेवारी १९८६ रोजी फ्लोरिडातून झेपावलेलं ‘चॅलेंजर’ अंतराळयान ७३ सेकंदांत आकाशात विखुरलं. सातही अंतराळवीर गेले. त्याच्या बूस्टर रॉकेटच्या सांध्यात बसवलेली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, थंडीनं कडक झालं होतं. सांध्यातली फट त्याला वेळेत बुजवता आली नाही आणि तप्त वायू बाहेर फुटले.

ही भीती आदल्या रात्रीच बोलून दाखवली गेली होती. बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीचे रॉजर बोइस्जोली आणि त्यांचे सहकारी अभियंते ‘एवढ्या थंडीत उड्डाण नको’ म्हणत होते. पण आधीच्या उड्डाणांत ओ-रिंगला १२ अंश सेल्सिअसला इजा झाली होती, तशी २४ अंशांनाही झाली होती. मग दोष थंडीचा कशावरून, या प्रश्नावर त्यांची बाजू लंगडी पडली.

अपघाताच्या चौकशी आयोगानं अहवालात दोन आलेख छापले. दोन्हींत आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर इजांची संख्या. पहिल्यात फक्त इजा झालेली सात उड्डाणं आहेत. ठिपके विखुरलेले; त्यांतून तापमानाचा काही संबंध लागत नाही. दुसऱ्यात सुखरूप पार पडलेली उड्डाणंही मांडली आहेत. हे ठिपके शून्याच्या रेषेवर बसतात आणि सगळेच्या सगळे उजवीकडे, उबदार बाजूला गर्दी करतात. सुमारे १७ अंश किंवा त्याखालच्या चारही उड्डाणांत इजा. १९ अंश किंवा त्यावरच्या विसांपैकी फक्त तिनांत. माहिती तीच, उपलब्धही होती. इजा झाली नाही म्हणून ती उड्डाणं कुणी मोजलीच नव्हती. शून्य हीसुद्धा नोंद असते. औषधानं बरे झालेल्या रुग्णांचा आलेख समोर आला, तर बरे न झालेले कुठे आहेत, हे म्हणूनच आधी विचारावं.

आयोगाच्या आलेखातली आणखी एक जागा आवर्जून पाहावी अशी आहे. सर्वांत थंड उड्डाणाचा ठिपका १२ अंशांवर आहे; त्याच्या डावीकडे अक्ष पूर्ण रिकामा. ‘चॅलेंजर’ झेपावलं त्या सकाळी हवा सुमारे २ अंशांवर होती, आणि निकामी झालेला सांधा गोठणबिंदूच्याही खाली असावा, असा आयोगाचा अंदाज होता. तिथं काय घडेल, हे आधीचं एकही उड्डाण सांगू शकत नव्हतं. तरीही उड्डाण धोक्याचं आहे हे सिद्ध करण्याचा भार अभियंत्यांवरच टाकला गेला. ते सुरक्षित आहे याचा पुरावा कुणी मागितला नाही.