वॉकर नको, सोलापुरी चादर अंथरा! बाळासाठी जमिनीवरचा खेळ का गरजेचा? जाणून घ्या

सोलापूर : बाळाचे उष्टावण झाले की मामा किंवा आत्याकडून हमखास येणारी भेट म्हणजे वॉकर. बाळ त्यात बसून घरभर फिरते, आईचे हात मोकळे होतात आणि ‘आता लवकर चालेल’ असे सगळ्यांनाच वाटते. प्रत्यक्षात वॉकर चालायला शिकवत नाही. चालण्याची तयारी जमिनीवर, पालथे पडण्यापासून सुरू होते. त्यासाठी लागणारी वस्तू सोलापुरात घरोघरी आहे, ती म्हणजे चादर.

ग्रॉस मोटर विकास म्हणजे काय?

मान धरणे, कुशीवर वळणे, बसणे, रांगणे, उभे राहणे, चालणे या मोठ्या स्नायूंच्या हालचालींना डॉक्टर ‘ग्रॉस मोटर’ विकास म्हणतात. क्रम साधारण वरून खाली असतो. आधी मान, मग पाठ-कंबर, शेवटी पाय. पालथे पडलेले बाळ मान उचलते तेव्हा मान, खांदे आणि पाठ एकाच वेळी काम करतात. हीच ताकद पुढे बसताना आणि उभे राहताना उपयोगी पडते.

किती वेळ खेळवायचे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाखालील बाळासाठी :

- रांगत नसलेल्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटे पोटावर ठेवावे.
- सलग एक तासापेक्षा जास्त वेळ गाडीत, खुर्चीत किंवा पाठीवर बांधून अडकवून ठेवू नये.
- मोबाइल, टीव्हीचा स्क्रीन अजिबात नको.

ही ३० मिनिटे एकदम नकोत. सुरुवातीला दोन-तीन मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा पुरेशी. दूध पाजल्यावर लगेच पालथे घालू नका. पोटावर ठेवताना बाळ जागे हवे आणि मोठे माणूस शेजारी हवे. झोपवताना मात्र बाळाला उताणेच झोपवा.

चादरच का?

मऊ गादीत बाळाचे हात रुततात, त्यामुळे अंग उचलता येत नाही. फरशीवर अंथरलेल्या जाड सुती चादरीवर हाताला टेकू मिळतो. उन्हाळ्यात सकाळी किंवा संध्याकाळी, अंगात कमी कपडे आणि पाय उघडे ठेवून खेळवा.

सोलापुरात अनेक माता घरी बसून विड्या वळतात. एकाच खोलीत तंबाखू, सूप, कात्री आणि बाळ असते, म्हणून बाळ दिवसभर झोळीत राहते. त्या माऊलीचा नाइलाज समजण्यासारखा आहे. अशा घरात कामाला बसण्यापूर्वी जागा झाडून-पुसून, तंबाखू-कात्री उंचावर ठेवून आणि हात साबणाने धुऊन दहा मिनिटे चादर अंथरावी. असे दिवसातून तीनदा केले तरी ३० मिनिटे होतात. आजी-आजोबा आणि वडीलही हे करू शकतात.

वयानुसार काय खेळाल?

- ० ते ३ महिने : आडवे होऊन बाळाला छातीवर पालथे ठेवा, नावाने हाक मारा. आवाजाकडे पाहायला ते मान उचलते.
- ४ ते ६ महिने : स्टीलची चकचकीत वाटी हाताला जेमतेम लागेल इतक्या अंतरावर ठेवा. लगेच हातात देऊ नका.
- ७ ते ९ महिने : उशी आडवी ठेवून त्यावरून रांगायला बोलवा, खुर्चीखालून चेंडू घरंगळवा.
- १० महिन्यांनंतर : खाटेला धरून बाजूबाजूने चालू द्या. मग जुना लाकडी पांगुळगाडा काढा.

पांगुळगाडा चालतो, मग वॉकर का नाही?

पांगुळगाड्यामागे बाळ स्वतःच्या पायावर उभे राहून ढकलते. वजन आणि तोल दोन्ही त्यालाच सांभाळावे लागतात. वॉकरमध्ये बाळ सीटवर बसून चवड्यांनी जमीन रेटते. तोल सांभाळायची वेळच येत नाही. शिवाय वॉकर क्षणात जिना, चूल किंवा गरम भांड्यापर्यंत पोहोचतो. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली, ती या अपघातांमुळेच. पांगुळगाडा वापरतानाही मोठे माणूस सोबत हवेच.

शेजारचे बाळ चालले, आमचे का नाही?

घाबरू नका. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी बाळांचा अभ्यास केला. त्यात आधाराशिवाय बसण्याचा काळ साधारण ४ ते ९ महिने, तर एकट्याने चालण्याचा ८ ते साडेसतरा महिने आढळला. सुमारे ४ टक्के बाळे तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

- ४ महिने पूर्ण होऊनही मान धरत नसेल
- ९ महिन्यांनंतरही आधाराशिवाय बसत नसेल
- १८ महिन्यांनंतरही एकटे चालत नसेल
- अंग फार ताठ किंवा फार सैल वाटत असेल, एकाच बाजूचा हात-पाय वापरत असेल
- आधी जमत असलेली हालचाल थांबली असेल

वेळेआधी जन्मलेल्या बाळाचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा. शंका असल्यास अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मोफत तपासणी करते, पण तोपर्यंत थांबू नका. ‘मोठे झाले की चालेल’ म्हणत घालवलेले महिने पुन्हा मिळत नाहीत.