फळ्यावरून मुठीत: नांदेड-लातूरमधील जीवशास्त्राच्या प्रतिकृती

नांदेड आणि लातूर येथील जीवशास्त्राच्या अध्यापनाचा मागोवा घेताना असे दिसते की, या विषयाचे वजन येथे प्रयोगशाळेपेक्षा परीक्षेने अधिक ठरवले. सराव-चाचण्या आणि काटेकोर उजळणी यांवर उभा असलेला ‘लातूर पॅटर्न’ आधी बारावीच्या गुणवत्ता यादीसाठी घडला. पुढे २०१७ पासून राज्यातील वैद्यकीय प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होऊ लागले, तेव्हा ७२० पैकी ३६० गुणांचे जीवशास्त्र या पद्धतीचे केंद्र झाले आणि आकृती ही समजून घेण्यापेक्षा लक्षात ठेवण्याची वस्तू बनली.

पदवी वर्गांत हाताचा संबंध वेगळ्या कारणाने तुटला. मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणलेला बेडूक ही एके काळी प्राणिशास्त्राची ओळख होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये विच्छेदनावर बंदी घातल्यावर त्याची जागा तक्ते आणि संगणकावरील चित्रफिती यांनी घेतली. प्लास्टर ऑफ पॅरिसचे हृदय कपाटात होतेच, पण ते बहुधा कुलूपबंद असे.

प्रतिकृती पुन्हा हाती देऊ शकणारे त्रिमितीय मुद्रण, म्हणजे संगणकातील आराखड्यानुसार वितळलेल्या प्लास्टिकचे थर एकावर एक रचून वस्तू घडवणे, शाळांपर्यंत पोहोचले ते मुख्यतः २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल नवोन्मेष मोहिमेतून. तिच्याखाली निवडलेल्या शाळेला अटल टिंकरिंग लॅबसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि साहित्यात असा प्रिंटरही असतो. मात्र या यंत्रातून नावाची पाटी काढणे सोपे आणि पेशी काढणे अवघड, कारण अधांतरी भागांना छापताना टेकू द्यावा लागतो आणि आतले काय दाखवायचे हे शिक्षकालाच ठरवावे लागते.

हा खटाटोप कशासाठी, हे डीएनएच्या उदाहरणावरून कळते. नॅनोमीटरला एक सेंटिमीटर, म्हणजे एक कोटी पट, हे प्रमाण घेतल्यास त्याची २ नॅनोमीटर जाडी २ सेंटिमीटर होते, ३.४ नॅनोमीटरचा एक वेढा ३.४ सेंटिमीटरचा होतो, आणि ०.२ मिलिमीटरच्या थरांनी तो १७० थरांत उभा राहतो. दोन वेढ्यांची अशी प्रतिकृती मुठीत मावते. अंगठा फिरवला की रुंद आणि अरुंद या दोन खोबणी वेगळ्या जाणवतात, आणि ती उलटी धरली तरी पीळ उजवाच राहतो, ही गोष्ट फळ्यावरच्या आकृतीत सहसा कुणी तपासून पाहत नाही.