दृष्टीच्या कडा

पाचोरा स्थानकाच्या फलाटावर उभा असलेला एखादा मुलगा भुसावळकडून येणाऱ्या गाडीच्या दिव्याकडे टक लावून पाहत असतो. तेवढ्यात कडेने कोणीतरी गाठोडे घेऊन धावत येते. मान न वळवताही ते मुलाच्या ध्यानी येते आणि तो बाजूस सरतो. मात्र धावणारा ओळखीचा की परका, हे त्याला सांगता येत नाही. कडेची दृष्टी अशीच विस्तीर्ण, पण अस्पष्ट असते.

ती किती विस्तीर्ण, हे इंग्रज शास्त्रज्ञ टॉमस यंग यांनी स्वतःच्याच डोळ्यावर मोजले आणि १८०१ साली प्रसिद्ध केले. नजर स्थिर ठेवली असता त्यांना वर ५०, नाकाकडे ६०, खाली ७० आणि कानाकडे ९० अंशांपर्यंतचा प्रकाश दिसे.

एवढा देखावा कॅमेऱ्याच्या एका साध्या भिंगाला पेलत नाही. कडेचे चित्र बिघडते. कारण भिंगाने पाडलेली प्रतिमा वाटीच्या आतल्या बाजूसारखी वाकलेली असते आणि फिल्म असते सपाट. डोळ्यात ही अडचण किती सहज सुटली आहे! तेथे प्रतिमा झेलणारे दृष्टिपटलच वाटीसारखे आहे. तरीही सारे दोष जात नाहीत. तिरप्या किरणांमुळे बिंदूची प्रतिमा रेघेसारखी लांबते. शिवाय बारकावे टिपणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या मध्यभागी दाट, तर कडेला विरळ असतात.

स्वीडनचे नेत्रवैद्य अल्वार गुलस्ट्रँड यांनी डोळ्याचा गणिती आराखडा रचला. १९११ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु तो आराखडा समोरून येणाऱ्या किरणांपुरताच उपयोगी होता. इसाबेल एस्कुदेरो-सान्झ व राफाएल नावारो यांनी १९९९ मध्ये विस्तृत दृष्टिक्षेत्राचा आराखडा मांडला. त्यात दृष्टिपटल १२ मिलिमीटर त्रिज्येच्या गोलासारखे वाकलेले मानले आहे.

हा खटाटोप केवळ गणिताच्या हौसेचा नव्हे. काचबिंदू या रोगात दृष्टी बहुधा कडेकडून हरपते. मध्यभाग बराच काळ शाबूत राहतो, म्हणून रोगी वर्तमानपत्र वाचतो आणि निर्धास्त असतो. गेलेली दृष्टी पुन्हा येत नाही. निरोगी डोळा कडेला मुळातच किती अंधुक पाहतो, हे ठाऊक असल्यावाचून रोग ओळखावा कसा? तपासणीच्या वेळी रोगी एका मोठ्या पांढऱ्या वाटीसमोर हनुवटी टेकून बसतो, मधल्या खुणेवर नजर रोखतो आणि कडेला ठिपक्याएवढा प्रकाश चमकलेला दिसला की हातातील बटण दाबतो.