उजेडाचा आकार

सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’मध्ये (१९५६) हरिहरचं कुटुंब बनारसच्या ज्या घरात राहतं, ते घर कलकत्त्याच्या स्टुडिओत उभं केलेलं होतं. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी भिंती, दारं, मधला चौक सगळं हुबेहूब उतरवलं. खरा पेच छायालेखक सुब्रत मित्र यांच्यापुढे होता. बनारसच्या दाटीवाटीच्या घरांत चौकात ऊन फारसं उतरत नाही. वर दिसणाऱ्या आभाळाच्या तुकड्यातून उजेड झिरपतो आणि माणसांच्या पायाशी ठळक सावली पडत नाही. स्टुडिओतले दिवे थेट रोखले असते तर एकेका माणसाला तीन-चार सावल्या फुटल्या असत्या. पंचविशीतल्या मित्रांनी चौकावर आभाळाच्या जागी पांढरं कापड ताणलं, दिव्यांची तोंडं खालून त्या कापडाकडे वळवली आणि तिथून परतलेल्या उजेडात चित्रण केलं. चित्रपट पाहताना ते घर स्टुडिओतलं आहे अशी शंकाही येत नाही.

पोर्ट्रेट काढणाऱ्या प्रत्येकाने हा चौक अभ्यासावा. छत्री, सॉफ्टबॉक्स, ऑक्टाबॉक्स, थर्माकोलचा पत्रा, खिडकीला चिकटवलेला बटर पेपर, या सगळ्यांचं मुख्य काम मित्रांच्या कापडाचंच आहे: लहान दिव्याचा मोठा दिवा करणं. सावलीची कड धारदार की विरघळलेली, हे चेहऱ्याच्या जागेवरून पाहिलं तर दिवा केवढा दिसतो यावर ठरतं. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर; पण तो १५ कोटी किलोमीटर दूर असल्याने पृथ्वीवरून जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो. म्हणून भर दुपारच्या उन्हात नाकाची सावली सुरीने कापल्यासारखी पडते. ढग आले की अख्खं आभाळच दिवा होतं आणि तीच सावली नाहीशी होते.

दुकानात मात्र चौकशी होते ती सॉफ्टबॉक्स किती फुटी घ्यावा याची. तो कुठे ठेवायचा, हे क्वचितच कुणी विचारतं. ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून १ मीटरवर ठेवला तर तो सुमारे ३३ अंशांचा कोन व्यापतो. दीडशे सेंटिमीटरचा भलामोठा ऑक्टाबॉक्स ३ मीटरवर नेला तर व्यापतो २८ अंश. म्हणजे जवळचा स्वस्तातला डबा लांबच्या महागड्या डब्यापेक्षा मऊ उजेड देतो. घरच्या छोट्या खोलीत काम करणाऱ्याला यापेक्षा दिलासा देणारं गणित दुसरं नसेल.

अंतराचा दुसरा परिणाम पाठीमागच्या भिंतीवर दिसतो. छोट्या दिव्याचं अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो. सॉफ्टबॉक्ससारख्या मोठ्या दिव्याला फार जवळून हे गणित तंतोतंत लागू होत नाही, पण अंदाज बांधायला पुरतं. समजा, माणूस राखाडी भिंतीपासून १ मीटर पुढे बसलाय आणि दिवा त्याच्यापासून १ मीटरवर आहे. भिंतीला चेहऱ्याच्या साधारण चौथाई उजेड मिळेल आणि ती गडद दिसेल. तोच दिवा ३ मीटरवर नेऊन कॅमेऱ्यात चेहऱ्याचा उजेड पुन्हा जुळवला, तर भिंतीला निम्म्याहून थोडा अधिक उजेड मिळतो आणि ती फिकट राखाडी होते. भिंतीला रंग न लावता रंग बदलला! दोन रांगांतल्या कौटुंबिक फोटोत याच कारणासाठी दिवा लांब न्यावा लागतो. जवळ ठेवला तर पुढच्या रांगेतली मुलं पांढरीफटक दिसतात आणि मागची मोठी माणसं काळवंडतात.

वीज नव्हती तेव्हा हे काम खिडक्या करायच्या. युरोपातल्या जुन्या स्टुडिओंनी उत्तरेची काच निवडली, कारण तिकडे दुपारचा सूर्य कायम दक्षिणेला असतो आणि उत्तरेकडून बराच वेळ एकसारखा उजेड येतो. तो सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्यच डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीतून आत घुसू शकतं. अशा वेळी काचेवर पांढरी चादर ताणावी. मग खिडकीच सॉफ्टबॉक्स होते.

आयर्विंग पेनला खिडकीची ही ताकद पेरूमधल्या कुस्कोत उमगली. डिसेंबर १९४८ मध्ये, ‘व्होग’चं काम आटोपल्यावर, त्याने तिथल्या एका छायाचित्रकाराचा दिवसाउजेडी चालणारा स्टुडिओ नाताळच्या सुमारास भाड्याने घेतला आणि डोंगरातून शहरात आलेल्या माणसांची पोर्ट्रेट्स काढली. पुढे तो एक तंबूच सोबत घेऊन फिरू लागला. त्यात उजेड बाजूने यायचा. दाहोमे, न्यू गिनी, मोरोक्को असा प्रवास करून आलेली ही चित्रं त्याच्या ‘वर्ल्ड्स इन अ स्मॉल रूम’ (१९७४) या पुस्तकात आहेत. देश बदलत गेले तरी चेहऱ्यावर उजेड कुठून येणार, हे त्याने आपल्या हातात ठेवलं.

आता दिव्याची जागा. माणूस समोर बसलाय, सॉफ्टबॉक्स त्याच्या नाकाच्या रेषेपासून ४५ अंश बाजूला आणि डोळ्यांच्या बराच वर आहे. नाकाची सावली तिरपी उतरून गालाच्या सावलीला मिळते आणि पलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरतो. हीच ‘रेम्ब्रां’ प्रकाशयोजना. दिवा हळूहळू समोर आणून उंच केला की नाकाखाली फुलपाखरासारखी सावली पडते आणि गालाची हाडं उठून दिसतात. जोसेफ फॉन स्टर्नबर्गच्या चित्रपटांतला मार्लेन डीट्रिचचा चेहरा या उजेडाने घडवला. पण खोल डोळ्यांच्या माणसावर हा प्रयोग केला तर डोळ्यांच्या जागी दोन खड्डे उरतात. तिथे दिवा खाली आणायला हवा, बुबुळात उजेडाचा ठिपका दिसेपर्यंत. तो ठिपका चौकोनी हवा की गोल, एवढ्यापुरताच सॉफ्टबॉक्स आणि ऑक्टाबॉक्समधला फरक बहुतेकदा उरतो. ब्यूटी डिशचं प्रकरण वेगळं: ती मधल्या थाळीवरून उजेड परतवते आणि सॉफ्टबॉक्सपेक्षा थोडा कडक पोत देते. तिच्यापुढे जाळी लावली की उजेड इकडेतिकडे सांडत नाही.

सॉफ्टबॉक्सचा मधला भाग थेट चेहऱ्यावर रोखायची सवय सोडून पाहावी. डबा किंचित पुढे वळवून त्याच्या कडेचा उजेड वापरला तर दिव्याकडचा गाल चकाकत नाही. सावलीची बाजू फार काळी झाली तर तिकडे थर्माकोल धरावा. चेहरा सपाट वाटला तर थर्माकोलच्या जागी काळं कापड धरावं. पांढऱ्या भिंतींच्या खोलीत हे कापड कित्येकदा दुसऱ्या दिव्यापेक्षा जास्त कामाला येतं.

मऊ उजेड प्रत्येक चेहऱ्याला मानवतोच असंही नाही. हल्ली म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढताना सुरकुत्या बुजवायला मोठ्यातला मोठा डबा अगदी समोर लावतात, आणि आयुष्यभराचा चेहरा गुळगुळीत होऊन जातो. कलकत्त्यात जन्मलेल्या जुलिया मार्गारेट कॅमेरॉनने १८६७ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचं पोर्ट्रेट काढलं, तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. काळोख्या पार्श्वभूमीवर विस्कटलेले पांढरे केस पेटल्यासारखे दिसतात, कपाळावरची एकेक आठी आणि डोळ्यांखालच्या पिशव्या उजेड-सावलीत स्पष्ट उमटतात. कॅमेरॉनने त्यातलं काहीच लपवलं नाही.